मागचा सावध होईपर्यंत

शनिवारी मी पेणला पोचले तेव्हा बाबा स्वयंपाकघरात पाटावर बसून मोड आलेले वाल सोलत होते. समोर पातेल्याला टेकवून फोन ठेवला होता.

“बरी आलीस. माझे हात ओले हायत. जरा चाल लाव.”

आईच्या मागे ते रामवाडीत एकटेच राहत. रोह्याच्या कंपनीतून निवृत्त झाल्यावर जुन्या सोबत्यांनी त्यांना या खेळात ओढलं. सोबती कंटाळून गेले, बाबा राहिले. नकाशावर किल्ले, खाड्या, धान्याच्या गाड्या. दिवसाला एक चाल, संध्याकाळी आठच्या आत. खेळायचं जोडीनं. एकानं दुसऱ्याला धान्य पुरवायचं, माणसं पाठवायची. बाबांच्या जोडीदाराचं नाव ‘कुंडलिका’ होतं, रोह्याच्या नदीचं. ते खरं नाव नाही हे उघड होतं. चाली पहाटे येत, त्यावरून हा कोणी थर्ड शिफ्टवाला असावा असं बाबांनी ठरवून टाकलं होतं.

मी नकाशा पाहिला. बाबांचा एकच किल्ला उरला होता आणि तीन बाजूंनी लाल झेंडे होते.

“हे हरलेलंच आहे, बाबा. खाली ‘डाव सोडा’ असं बटण आहे. दाबू?”

“हात लावशील तर बघ.”

मग वाल सोलता सोलता त्यांनी मला समजावलं. बटण कधीही दाबता येतं, खेळाची ना नाही. पण आपण डाव सोडला की त्याच संध्याकाळी आपला किल्ला शत्रूला मोकळा होतो आणि जोडीदार मागून उघडा पडतो. त्याला काही सुगावाही नसतो. एकदा कोणी तरी त्यांना असं न सांगता सोडून गेलं होतं, त्याची चीड त्यांच्या मनात अजून होती.

“हरतो म्हनून सोडायचं नाय. मागचा सावध होईपर्यंत धरायचं. त्याला सांगायचं, बाबा रे, माझं काय खरं नाय, तू तुझं बघ. आनि एकदा सांगितलं की एक दिवस पन जास्त बसायचं नाय. मग आपन त्याच्या गळ्यातला धोंडा.”

“मग सांगा ना त्याला.”

“सांगीन उद्या-परवा. तू पूर्वेच्या दाराला मानसं लाव आधी.”

मी लावली. संध्याकाळी त्यांनी वालाच्या बिरड्याचा डबा बांधून दिला, हायवेपर्यंत सोडायला आले, आणि बस येताना दिसल्यावर डबा आडवा धरू नको म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी दूध आणायला गेलेले बाबा डेअरीच्या पायरीवर बसले ते उठले नाहीत.

फोन करायचं काम माझ्या भावानं, प्रवीणनं केलं. नातेवाईक आले ते सगळं माहीत होऊनच आले. माझ्यापुढे कोणी काही विचारलं नाही. पनवेलला ज्या कॉलेजच्या ग्रंथालयात मी काम करते तिथे ‘घरी अडचण आहे’ एवढं कळवून मी रजा घेतली. नगरपालिकेत, बँकेत दाखला पुढे केला की बोलावं लागत नाही. एक वाक्य न उच्चारता माणूस किती दिवस जगू शकतो याचं मला नवल वाटू लागलं होतं.

सुतकातल्या एका संध्याकाळी बाबांचा फोन वाजला. कुंडलिका. ‘नाथाभाव, चाल दिसत नाय. बरं हाय ना?’

उत्तर लिहायला घेतलं. पण ते बाबांच्या नावानं जाणार होतं. नाथा म्हणतो की नाथा वारला. मी लिहिलेलं पुसलं. आठ वाजत आले होते. मी पूर्वेच्या दाराची थोडी माणसं उत्तरेला हलवली.

लगेच उत्तर आलं. ‘वाटलं सोडून गेलात. घाबरवलंत.’

मग मी रोजच चाल लावू लागले. दिवसभर काही ना काही वाचून बघे, एरवी वाचनानं मला नेहमी तारलं होतं. आता एकच पान पुन्हा पुन्हा समोर येई. संध्याकाळची चाल मात्र चुकली नाही. कुंडलिकाकडून धान्याच्या गाड्या आल्या. मग माणसं आली. ती माणसं त्याने आपल्या किल्ल्यांतून काढली आहेत हे मला नकाशावर दिसत होतं, आणि मागे त्याचे किल्ले एकेक करून लाल होत होते तेही. शेवटी एक दिवस निरोप आला. ‘माझा पन एकच राहिला. तुमी धरलाय म्हनून मी धरलाय.’

मी बराच वेळ बटणाकडे पाहत बसले. न सांगता दाबणं शक्य नव्हतं. लिहिणंही जमत नव्हतं. जुने निरोप वर सरकवत गेले तेव्हा एक सापडला. ‘कधी रोह्याला आलात तर या. बाजारात पोह्याची गिरण, कोनाला पन विचारा.’

सकाळच्या गाडीनं रोह्याला निघाले. वाटेत कासू स्टेशनात गाडी बराच वेळ थांबली. उतरून परत फिरता येईल असं दोनदा वाटलं.

गिरणीत काट्यापाशी साठीच्या पुढची एक बाई बसली होती. पत्र्याच्या डब्याला टेकवून फोन ठेवलेला. कुंडलिका कोण, असं मी विचारल्यावर तिनं मला नीट न्याहाळलं.

“मीच. हौसा. तू कोन गो?”

“पेणच्या नाथाभाऊंची मुलगी. प्रणिता.”

तिचा चेहरा उजळला. कोणाला तरी हाक मारून तिनं खुर्ची मागवली, चहा सांगितला. पहाटे भट्टी पेटवली की वेळ जात नाही, म्हणून सुनेनं हा खेळ लावून दिला, असं सांगताना ती हसली. मीही हसले असेन. बाबा तिला थर्ड शिफ्टवाला समजत होते हे मात्र मी सांगितलं नाही.

“बापाला सांग तुझ्या,” ती म्हणाली, “हल्ली लय वाईट खेळतोय. पयले बेरकी होता. आता दारं बदलत बसतो नुसता, घरात चोर शिरल्यासारखा. मी सगली मानसं पाठवली, तरी हललं नाय काय.”

मी चहाचा पेला हातात धरून राहिले. भट्टीवरून भाजत्या भाताचा धूर येत होता.

“आजारी हाय का गो तो?” आवाज खाली आणून तिनं विचारलं. “असंल तर तसं सांग. मी धरते त्याचा किल्ला बरा होईपर्यंत. मला काय.”

हो म्हणणं अगदी सोपं होतं. तिनं ते वाक्य माझ्या हातात आणून ठेवलं होतं, आणि तिच्या फोनवर तिचा एकुलता किल्ला अजून हिरवा दिसत होता.

मी पेला खाली ठेवला.

“मावशी, बाबा गेले,” मी म्हणाले. “तुम्ही आता तुमचं बघा.”