नवऱ्यासाठी आणलेलं सॉसेज

आउने निएमेलाला कुणी विचारलं असतं, बाई, तू नीट जेवतेस का, तर तिने विचारही न करता हो म्हटलं असतं. सकाळी ओटची लापशी, तीही बिनसाखरेची. दुपारी माशाचं नाहीतर वाटाण्याचं सूप. दाराशी बाग, बागेत गाजरं, सलगम, मटार आणि शेपू. गावच्या पोस्टात आयुष्यभर उभं राहून काम केलेल्या बाईचं गुडघे सोडले तर काही दुखत नव्हतं, आणि याचं सगळं श्रेय ती लापशीला देत असे.

तिच्या मते त्या घरात तब्येतीला एकच आडकाठी होती आणि तिचं नाव होतं ताइस्तो.

ताइस्तो तिचा नवरा. जंगलातले ओंडके वाहणारा ट्रक चालवून चालवून निवृत्त झालेला, खांद्याने रुंद, बोलायला कमी. लग्न झालं तेव्हा हा माणूस राय धान्याचा काळा कडक पाव कराकरा चावून संपवायचा. अलीकडे मात्र त्याला लागायचं ते लोणी घालून घोटलेले बटाटे, सॉसेज, आणि कॉफीबरोबर वेलदोड्याचा गोड पाव. सॅलडची वाटी पुढे आली की तो ती हळूच आउनेकडे सरकवायचा.

"गवत गाई खातात," तो म्हणायचा.

"गाई तुझ्यापेक्षा कमी धापा टाकतात," आउने म्हणायची.

पण सॉसेज आणायची तीच. "करणार काय," शेजारच्या लेम्पीला ती सांगायची, "घरात पुरुष माणूस आहे. त्याच्यासाठी आणावंच लागतं. मग एखादं माझ्याही ताटात येतं. टाकून कसं द्यायचं?"

ऐंशीच्या घरातली लेम्पी यावर नुसतं "हं" म्हणायची.

मार्च महिन्यात आरोग्य केंद्रातल्या रीक्का नावाच्या तरुण नर्सने गावच्या सभागृहात खाण्यापिण्यावर गप्पा ठेवल्या. आउने ताइस्तोला जवळजवळ ओढतच घेऊन गेली. बाहेर बर्फ वितळून चिखल झाला होता, आत ओल्या बुटांचा आणि कॉफीचा वास. दहा-बारा माणसं गोल करून बसली. रीक्काने प्रत्येकाला विचारलं, "आपण कसं जेवतो असं तुम्हाला वाटतं?"

"उत्तम," एइनो म्हणाला. हा तळ्यावर मासे धरणारा, पोट सुटलेला गडी. "मी मासे खातो. माशासारखं दुसरं काही नाही."

"लोण्यात पोहणारे मासे," त्याची बहीण शेजारून म्हणाली.

"माझं जेवण चांगलंच आहे," लेम्पी म्हणाली. "बिघडलंय ते बाकीच्यांचं."

सगळ्यांचं ऐकून झाल्यावर रीक्का हसली. "म्हणजे या गावात एकूण एक माणूस नीट जेवतो. मग दुकानातलं सॉसेज शुक्रवारपर्यंत संपतं कसं?"

कुणी कुणाकडे बघेना. एइनोने खिडकीबाहेरच्या चिखलाकडे बघितलं.

"बरं," ती म्हणाली, "नीट जेवायच्या आड काय येतं, ते सांगा."

"हिवाळा," एइनो म्हणाला.

"एकटेपण," लेम्पी म्हणाली. "एका माणसासाठी चूल कोण पेटवणार?"

"नवरा," आउने म्हणाली.

सभागृहात हशा पिकला. ताइस्तोही हसला, पण ओठ मिटून.

मग रीक्काने घरून चिरून आणलेल्या गाजराच्या फोडींची थाळी फिरवली. सगळीकडून कराकर आवाज येऊ लागला. ताइस्तोने नाही म्हणणं बरं दिसणार नाही म्हणून एक फोड उचलली, कॉफीत बुडवली आणि तशीच धरून बसला.

"ताइस्तो, ते बिस्किट नाही," आउने म्हणाली. पुन्हा हशा.

लेम्पी हसली नाही. ती पुढे वाकून म्हणाली, "कुठला दुखतो?"

"काय कुठला?"

"दात रे. माझे काढायच्या आधी मी सगळं भिजवूनच गिळायची. मला नको शिकवू."

ताइस्तोने फोड बशीत ठेवली. त्याचे कान लाल झाले होते. "दोन्हीकडचे," तो शेवटी म्हणाला. "डावीकडे जास्त."

दोघं गाडीत बसून घरी निघाली. चिखलातून चाकं घसरत होती.

"सांगितलं का नाहीस?" आउनेने विचारलं.

"तू मला हट्टी म्हणायचीस. ते बरं होतं."

"बरं?"

"हट्टी म्हटलेलं चालतं. घाबरट म्हटलेलं नाही." मग त्याने सांगितलं, की लहानपणी शाळेत दातांचा डॉक्टर यायचा. बधिर करणं वगैरे काही नसायचं. मास्तर खांदे धरायचे आणि डॉक्टर ओढायचा. त्या खोलीतला वास अजून नाकात आहे. ट्रक घेऊन गोठलेल्या तळ्यावरून गेलो, तेव्हाही इतका घाबरलो नव्हतो.

आउनेला गवताचे, गाईंचे, धापांचे आपले सगळे टोमणे आठवले. इतकी वर्षं ती त्याच्या समोर बसून त्याच्या ताटाकडे बघत होती. वर, तोंडाकडे, एकदाही बघितलं नव्हतं.

"मी येते तुझ्याबरोबर," ती म्हणाली.

"आत?"

"आत."

तालुक्याच्या गावातली दातांची डॉक्टर भरदार हातांची, मोठ्या आवाजाची बाई होती. "तुम्ही बाहेर बसा," ती आउनेला म्हणाली.

"नाही," ताइस्तो खुर्चीतून म्हणाला. "ती माझ्या पायातला बूट धरून बसणार आहे. खांदे कुणी धरायचे नाहीत."

डॉक्टरने आधी त्याच्याकडे पाहिलं, मग बुटाकडे. "धरा," ती म्हणाली. आउने पायाशी स्टुलावर बसली आणि दोन्ही हातांनी तो भला मोठा बूट धरून राहिली. डॉक्टरने हिरड्या बधिर केल्या. बराच वेळ गेला. आपल्या हातातला पाय मघापेक्षा सैल पडलाय हे तिला जाणवलं. मग ताइस्तो जड जिभेने म्हणाला, "सुरू कधी करणार?"

डॉक्टरने ताटली पुढे केली. तीत दोन दात पडले होते.

ताइस्तो ताटलीकडे बघत राहिला आणि मग त्याला असं काही हसू फुटलं की तोंडातला कापूस सावरता सावरता डॉक्टरची धावपळ झाली.

बाकीचं दुरुस्त व्हायला आणि कवळी बसायला जून उजाडला. कवळी बसवून आला त्या दिवशी तो टेबलाशी बसला, काळ्या पावाचा तुकडा कापला, वर लोणी लावलं आणि चावला. कर्र असा आवाज झाला. आउने ओट्याशी पाठ करून उभी होती, ती वळली नाही, नुसती ऐकत राहिली. त्याने दुसरा तुकडा कापला. मग तिसरा.

त्यानंतर त्याला आवरणं कठीण झालं. सकाळी रबरी बूट घालून तो बागेत उभा असायचा. गाजर बोटाएवढं व्हायच्या आधीच उपटायचा, घरामागच्या तळ्यात खळबळायचा आणि तिथंच खायचा. मटाराच्या शेंगा खिशात भरून फिरायचा. एके दिवशी जेवताना सॅलडची वाटी त्याने स्वतःकडे ओढली आणि आउनेला विचारलंही नाही.

"आमच्या बागेत ससा शिरलाय," तिने फोनवर लेम्पीला सांगितलं. "निवृत्त ट्रकवाला."

तिला आनंद झाला होता, अगदी मनापासून. म्हणून पुढे जे झालं ते तिला लवकर उमगलं नाही.

दुकानात तिने नेहमीसारखं सॉसेजचं वेटोळं टोपलीत टाकलं. ताइस्तो कोबी निवडत होता. "माझ्यासाठी असेल तर नको," तो म्हणाला. "तुला हवंय का?"

"मला कशाला? मी तुझ्यासाठीच तर घेते."

तिने ते परत ठेवलं. ठेवताना हात जरा रेंगाळला.

पुढच्या आठवड्यात तिची चिडचिड सुरू झाली. उकडलेला मासा, कोबी, सलगम. समोर नवरा मिटक्या मारत जेवतोय आणि आपल्याला त्याच्या चावण्याचा आवाज सहन होत नाही, हे काय आहे, तिला कळेना. नीट जेवणारी बाई ती. सगळं तिच्या मनासारखं झालेलं. मग?

एका दुपारी "लेम्पीचं भांडं देऊन येते" म्हणून ती निघाली. वाट वाकडी करून दुकानात गेली आणि लेम्पीच्या स्वयंपाकघरात पोचली तेव्हा तिच्या पिशवीत भांडंही होतं आणि एक अख्खं वेटोळंही.

लेम्पीने पिशवीत डोकावलं. "हे कुणासाठी?"

"ताइस्तोसाठी."

"तो कुठे आहे?"

"बागेत."

लेम्पीने तवा तापत ठेवला, दोन ताटल्या मांडल्या आणि मोहरीच्या चटणीची बाटली काढली. साल तडतडली, चरबी सुटली, वास घरभर पसरला. आउनेने पहिला घास घेतला आणि तिचे डोळे आपोआप मिटले. अर्धं संपवूनच तिने मान वर केली.

"लेम्पी," ती म्हणाली, "मला सॉसेज आवडतं."

"माहीत आहे."

"फार आवडतं."

"अगं, अख्ख्या गावाला माहीत आहे. तुझ्या एकटीलाच कुणी सांगितलं नव्हतं."

आउनेला हसू आवरेना. हसता हसता डोळ्यांत पाणी आलं, मोहरी नाकात गेली, लेम्पीला तिच्या पाठीत थापट्या माराव्या लागल्या.

नवऱ्याला सांगायला तिने शनिवार निवडला. दोघं सौनातून, म्हणजे वाफेने अंग शेकायच्या लाकडी खोलीतून, वाफाळलेल्या अंगाने बाहेर येऊन तळ्याकाठच्या बाकावर बसली होती. दुपार कलली होती, पाणी अगदी संथ होतं. तिने दुकान, पिशवी, तवा, मोहरी, सगळं सांगून टाकलं. आवाज पोस्टातल्यासारखा होता, खिडकीपलीकडच्या माणसाला नियम सांगताना व्हायचा तसा.

ताइस्तो तोंड उघडून हसला, सगळे नवे-जुने दात दाखवत.

"म्हणजे इतकी वर्षं मी एकटाच बदनाम."

"हो."

"आणि सभागृहात, सगळ्यांसमोर, 'नवरा' म्हणालीस."

"म्हणाले. पुढच्या वेळी दुरुस्त करीन."

"राहू दे. एइनोला आवडलं होतं ते." त्याने टॉवेलने मान पुसली. "हे बघ आउने, मी चोरून खाल्लं नाही तसं तूही नको खाऊस. शनिवारी भाजायचं. उरलेले दिवस बघू."

"शनिवार आजच आहे," आउने म्हणाली.

तिने बाकाखालून पिशवी काढली.

काठावरच्या चुलीत त्याने बर्च झाडाची लाकडं पेटवली. ती बागेतून शेपू, कांद्याची पात आणि काकडी घेऊन आली. धूर पाण्यावरून लांबवर गेला, तो बघून जाळी ओढत असलेल्या एइनोने होडी वळवली आणि अजून बरंच अंतर असताना हाक मारली, "ताइस्तो, माझ्यासाठी आहे का एखादं?"

"हिला विचार," ताइस्तो म्हणाला. "हिचं आहे."

आउनेने आगीकडे बघून अंदाज घेतला. "ये," ती ओरडली. "पण मासे घेऊन ये. आणि येताना बहिणीलाही आण."