सासूबाईंचा ताबा

लग्न झाल्यापासून त्या दोघांचं पहिल्यांदाच एकमत झालं होतं, आणि ते घटस्फोटावर. पडद्यांच्या रंगावरून महिनाभर अबोला धरणारं हे जोडपं वकीलबाईंसमोर इतक्या गोडीगुलाबीनं बसलं होतं, की दारात थांबलेल्या पुढच्या पक्षकाराला वाटलं, आपण चुकून विवाह नोंदणीच्या कचेरीत आलो.

नवरा दातांचा डॉक्टर. ज्यांचं तोंड उघडं असतं पण ज्यांना बोलता येत नाही, अशाच लोकांशी दिवसभर गप्पा मारायची त्याला सवय. प्रश्न विचारायचा, उत्तरही आपणच द्यायचं आणि समोरच्यानं घशातून काढलेला आवाज होकार समजायचा. दवाखान्यात हे खपून जातं. बायको नगररचना खात्यात नकाशे तपासायची. दुसऱ्यांच्या घरात काय चुकलंय हे शोधायचा तिला पगार मिळायचा. स्वतःच्या घरी ती हेच काम हौसेनं करायची. दोघंही आपापल्या जागी चोख. अडचण एवढीच, की जागा एकच होती.

वकीलबाईंनी कपाळावरचा चष्मा नाकावर घेतला.

"फ्लॅट?"

"तिला."

"गाडी?"

"त्याला."

"मुलंबाळं?"

"नाहीत."

"छान! म्हणजे छान नाही, पण सोपं आहे. करा सह्या."

"एक राहिलंच," बायको म्हणाली. "सासूबाई मला हव्यात."

वकीलबाईंचं पेन थांबलं. सासू नको म्हणून येणाऱ्या बायकांच्या जोरावर त्यांनी ही कचेरी उभी केली होती. सासू हवी म्हणणारी बाई त्यांनी अजून पाहिली नव्हती. त्यांनी सावधपणे विचारलं, "हव्यात म्हणजे... कशासाठी?"

"राहायला. माझ्याकडे."

"अगं, ती माझी आई आहे!" डॉक्टर खुर्चीतून उठलाच.

"जन्मापुरती. रोजची माझी आहे. त्यांची गुडघ्याची गोळी कुठली, सांग बघू."

डॉक्टरनं विचार केला. "पांढरी."

"सगळ्याच पांढऱ्या असतात रे."

वकीलबाईंनी मागच्या कपाटातलं जाडजूड पुस्तक काढलं, चाळलं आणि परत ठेवलं. "हे बघा, लेकरांचा ताबा असतो. घराची, सामानाची वाटणी असते. म्हाताऱ्या आईला सांभाळायची जबाबदारी मुलावर असते. पण सासू सुनेला द्यावी, असं कुणाच्या डोक्यातच आलेलं नाही. उलट घटस्फोट झाला, की कायद्यानं त्या तुमच्या कुणीही लागत नाहीत."

नवरा आपला कुणी लागणार नाही, ही गोष्ट बायकोनं मोठ्या खुशीनं मान्य केली होती. या वाक्यावर मात्र तिनं पर्स उघडली आणि बराच वेळ तिच्यात रुमाल शोधत राहिली.

सासूबाई जन्मभर मुलींच्या वसतिगृहाच्या रेक्टर होत्या. नव्या सुनेला पहिल्याच आठवड्यात कामावरून यायला उशीर झाला, तेव्हा दार उघडून त्यांनी एवढंच विचारलं होतं, "जेवलीस का?" तेव्हापासून त्या दोघींचं जमलं ते जमलंच. जेवणं झाली की दोघी टीव्हीवर खुनाच्या मालिका बघत आणि खुनी कोण यावरून कडाडून भांडत. डॉक्टरला वाटायचं, घरात सासू-सुनेचं पटत नाही. तसं तो दवाखान्यात सांगायचाही. कुणी विरोध केला नाही.

प्रकरण कोर्टात उभं राहिलं. न्यायाधीश स्वभावानं शांत होते, आणि त्यांनी सगळ्यांना चक्रावून टाकणारी एक गोष्ट केली. त्यांनी सासूबाईंनाच बोलावून घेतलं.

"आजी, तुम्हाला कुणाकडे राहायचंय?"

"इतक्या दिवसांत मला हे विचारणारे तुम्ही पहिलेच हो," सासूबाई म्हणाल्या. "सुनेकडे."

"मग प्रश्नच मिटला. तुम्ही सज्ञान आहात, कुठेही राहा. त्याला कोर्टाचा हुकूम लागत नाही."

"त्याला नाहीच लागत. हुकूम मला मुलासाठी हवाय."

"मुलासाठी?"

"भेटीचा. फारकत घेतलेल्या बापाला तुम्ही लेकरांना भेटायचे दिवस ठरवून देता ना, तसा. एक सोडून एक रविवार."

"अहो, पण तो कधीही येऊ शकतो. त्याला कोण अडवणार?"

"म्हणूनच येणार नाही."

"आई, काहीतरीच काय! मी येईन ना. तुला माहीत आहे मी येईन. आहे ना माहीत? आहे," डॉक्टरनं तिघांच्याही वतीनं सांगून टाकलं.

न्यायाधीशांनी समोरची फाइल मिटली. मग म्हणाले, "तुम्ही मायलेक आधी एकमेकांशी बोलून या."

कोर्टात रिकामी खोली एकच होती, मुलांची आई-वडिलांशी भेट घालून द्यायची. भिंतीवर जिराफ, कोपऱ्यात ठोकळे, आणि बालवाडीतल्या असतात तसल्या बुटक्या खुर्च्या. डॉक्टर खुर्चीवर बसला तेव्हा त्याचे गुडघे हनुवटीशी आले. टेबलावर रडणाऱ्या पोरांसाठी टॉफ्यांचा वाडगा ठेवलेला होता. तो दिसताच त्याला आपला व्यवसाय आठवला.

"बघ आई, लहान मुलांसमोर काय ठेवतात हे! चिकट गोड पदार्थ दाढांच्या फटीत—"

"तोंड उघड," सासूबाई म्हणाल्या.

वसतिगृहात मुलींच्या कितीतरी पिढ्या या आवाजाला घाबरून होत्या. डॉक्टरनं तोंड उघडलं. सासूबाईंनी त्यात दोन टॉफ्या कोंबल्या. त्याचे जबडे एकमेकांना चिकटले.

"आता ऐक. तू आवडत नाहीस म्हणून मी निघालेली नाही. पण तू विचारतोस कसं? 'आई, बरी आहेस ना? बरी आहेस. चल, पेशंट बसलाय.' या थंडीत मी बरी नव्हते, बाळा. बिलकूल बरी नव्हते. तुझ्या बायकोला उत्तर ऐकायची सवय आहे. भांडायला का होईना, ती ऐकून घेते. मला तिच्याजवळ राहायचंय, आणि तुला अधूनमधून डोळ्यांनी बघायचंय. तुझ्या मर्जीवर सोडलं तर तू मला पुढच्या किडक्या दातापर्यंत ढकलशील. म्हणून हुकूम. पटतंय?"

डॉक्टरनं घशातून एक आवाज काढला. सासूबाईंनी तो होकार समजला.

हुकूम झाला. बुटक्या खुर्चीवरून उठताना डॉक्टरच्या पाठीत भरलेली उसण हाच काय तो या प्रकरणातला हिंसाचार. नेमून दिलेल्या रविवारी तो येऊ लागला. सोफ्याच्या कडेवर बसायचा, जसे त्याच्या दवाखान्यात लोक बसतात. आई बोलायची, तो ऐकायचा. आईनं घरीही टॉफ्यांचा एक वाडगा त्याच्या समोरच ठेवलेला असायचा. कायद्यानं आता एकमेकींच्या कुणी लागत नसलेल्या सासू-सुना मालिकेतल्या खुन्यावरून भांडायला लागल्या, की त्याला हळूहळू कळायला लागलं, हे भांडण नव्हे.

मग एका रविवारी बेल वाजली. बायकोनं, म्हणजे आता जी बायको नव्हती तिनं, दार उघडलं. डॉक्टर उभा.

"आजचा रविवार तुझा नाही," ती म्हणाली. नकाशे तपासायची सवय जात नाही.

"माहीत आहे." तो जरा घुटमळला. "आई कशी आहे?"

आणि गप्प उभा राहिला.

ती वाट बघत होती, आता हा स्वतःच उत्तर देईल. बराच वेळ वाट बघितली. मग तिनं मान वळवून आत हाक मारली, "आई, तुमचा मुलगा आलाय. कोर्टाचा हुकूम मोडून!"

"घे त्याला आत," आतून आवाज आला. "पण आधी टॉफी दे!"