चाळीस ग्रॅम

सिस्टरने दुपटं सोडून बाळाला वजनकाट्यावर ठेवलं आणि आकडा थांबेपर्यंत एक हात त्याच्यावर अधांतरी धरून ठेवला. कालच्यापेक्षा एकशे साठ ग्रॅम कमी.

"बघा," मागून डॉक्टर म्हणाले. "काल वजन वाढलं म्हणून आईला चार शब्द सुनावले, आज उतरलं. चोरून पाणी पाजतात आणि वर तोंड करून नाही म्हणतात. लघवीचं औषध कालपासून वाढवलंय ना, आजही तेवढंच द्या."

पाच महिन्यांच्या त्या बाळाच्या हृदयाला भोक होतं. अंगात थोडं पाणी जास्त झालं तरी त्याला धाप लागायची, म्हणून दूध मापून आणि रोज सकाळी वजन. आई भिंतीला टेकून उभी होती. तिने मान वर केली नाही.

सिस्टर दोन दिवसांच्या रजेवरून आजच कामावर आली होती. बाळाला उचलताना तिला त्याचे सुकलेले ओठ दिसले, मग मनगटावर चिकटपट्टीचा लाल वण. खाटेखालच्या ट्रेमध्ये बँडेजसकट एक लाकडी फळी पडली होती. इंजेक्शनांसाठी टोचलेली सुई निघू नये म्हणून हाताला बांधतात ती.

"ही कधी बांधली होती, ताई?"

"परवा संध्याकाळी. आज उजाडताना काढली."

सिस्टरने फळी काट्यावर ठेवली. एकशे वीस.

तिच्या डोक्यात तिडीक गेली. काल कुणीतरी बाळाबरोबर लाकूडही तोललं होतं, आणि त्या लाकडापायी सगळ्या वॉर्डासमोर या बाईला खोटारडी ठरवलं होतं. साधी वजाबाकी करायला कुणाला सवड नव्हती. तोंडसुख घ्यायला मात्र भरपूर होती.

ती फळी घेऊन तशीच डॉक्टरांसमोर गेली.

"सर, काल वाढलेलं वजन हे आहे. वजन करताना वजाच केलं नाही कुणी. तो डोस थांबवा, बाळ सुकलंय."

डॉक्टरांनी येऊन बाळाच्या पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली. कातडी सावकाश खाली बसली.

"डोस बंद," ते म्हणाले. "वरचे चाळीस ग्रॅम औषधाने गेले असतील. गर्दीत होतं असं."

"आईला सांगता ना?"

"तुम्हीच सांगा." आणि ते पुढच्या खाटेकडे वळले.

सिस्टरने सांगितलं. चूक आमची होती, ताई, तुमची काहीच नव्हती. ऐकून ती रडेल, निदान चिडेल तरी, असं सिस्टरला वाटलं होतं.

"म्हणजे दूध बरोबर होतं?" आईने विचारलं.

"अगदी बरोबर."

"रात्री चारही वेळा मी अर्धंच पाजलं." ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. "उरलेलं बेसिनमध्ये ओतलं. रडत होता तो. पण अंगात पाणी जास्त झालंय, असं डॉक्टर म्हणाले होते ना."

सिस्टरने खाटेला लटकवलेला तक्ता पाहिला. रात्रीच्या रकान्यात सुवाच्य अक्षरात चार वेळा 'तीस मिली' लिहिलेलं होतं. तिने वाटीत तीस मिली दूध मोजलं आणि आईच्या हातात दिलं. बाळ अधाशासारखं पिऊ लागलं. वाटी अर्धी झाली तसा आईचा चमचा थांबला.

"पाजा ना, सगळं पाजा."

आई वाटी धरून बसून राहिली. तिची नजर पलीकडच्या खाटेपाशी उभ्या असलेल्या डॉक्टरांवर होती. बाळ तोंड उघडून चमचा शोधत होतं.

"सर!" सिस्टरचा आवाज इतका चढला की सगळा वॉर्ड वळून बघू लागला. "इकडे या आणि तुम्ही सांगा हिला. तुमचंच ऐकते ती."