पाचवं काडतूस

भाचीचं पत्र येऊन एकोणीस दिवस झाले होते आणि मामांनी अजून उत्तर दिलं नव्हतं. उत्तर लिहायला ते रोज बसत होते. "चि. ताईस अनेक आशीर्वाद" इथपर्यंत लेखणी सुरळीत चाले आणि पुढे अडे. टेबलाच्या खणात असे सात कागद जमले होते.

पत्र तसं साधंच होतं. "फोनवर तू नुसतं 'हो, बघतो' म्हणतोस आणि ठेवून देतोस, म्हणून लिहिते आहे," अशी सुरुवात. मग तिने कारखान्याच्या मागच्या आवारात जमलेल्या गर्दीचं वर्णन केलं होतं. माणसं भिंतीवर चढली होती, पाण्याच्या टाकीवर बसली होती. मध्ये एक शिष्य उघड्या छातीने उभा. गळ्यात काळ्या दोऱ्यात तांब्याचा तळहाताएवढा पत्रा. बारा पावलांवरून दुसऱ्या शिष्याने बंदूक झाडली. आवाज झाला, धूर झाला, आणि धुरातून तो माणूस हसत पुढे आला. बायकांनी पोरांना त्याच्या पायावर घातलं. तेव्हापासून अर्ध्या वस्तीच्या गळ्यात तसले पत्रे आले आणि त्या बाबाला नाव पडलं कवचबाबा.

"आमच्या ह्यांनीही घातलाय," भाचीने लिहिलं होतं. "कारखान्यातल्या टवाळांनी हट्ट धरला की बंदूक आणि काडतुसं कारखान्याची असली तरच मानू. बाबा लगेच हो म्हणाला. पुढच्या महिन्याच्या दुसऱ्या रविवारी सकाळी दहाला हे स्वतः छाती काढून उभे राहणार आहेत. मामा, तुझा जन्म काडतुसं बघण्यात गेला. सोबत फोटो पाठवते. हे खरं की खोटं, एवढंच कळव. तू सांगितलंस तर हे ऐकतील."

मामांचा जन्म काडतुसं बघण्यात गेला होता, हे खरंच होतं. सरकारी प्रयोगशाळेत एकतीस वर्षं त्यांच्या ताब्यात एक मोठं कपाट होतं. त्याच्या उथळ खणांत हिरव्या बनातीवर शेकडो काडतुसं आपापल्या खळग्यात निजलेली असत. पिस्तुलाची बुटकी, रायफलीची मानेशी निमुळती झालेली, शिकारी बंदुकीची जाडजूड. बुडाची कड, टोपीचा रंग, तोंडाची घडण यांवरून मामा ती दुरून ओळखत. बंदूक मात्र त्यांनी आयुष्यात एकदाही झाडली नव्हती. आवाजाची भीती वाटे.

आणि एकदा ते चुकले होते. कोर्टात, एका फोटोवरून. फोटोत शेजारी मोजपट्टी नव्हती, तरी वकिलाने "नक्की ना?" विचारल्यावर मामा "नक्की" म्हणाले. आठ महिन्यांनी ती वस्तू प्रत्यक्ष हातात आली तेव्हा ती वेगळीच निघाली. तोवर एक माणूस आठ महिने आत बसला होता. तेव्हापासून मामांच्या प्रत्येक वाक्यात "बहुधा" येऊ लागलं. दूधवाल्याला ते "बहुधा अर्धा लिटर" म्हणत.

भाचीच्या फोटोत एका तळहातावर एक लाल काडतूस आडवं होतं. मोजपट्टी नव्हती. तोंड पलीकडच्या बाजूला. मामा भिंगाने बघून थकले. खरं लिहावं तर पुरावा नाही, खोटं लिहावं तर पुरावा नाही. आठवा कागद घेतला तेव्हा कार्यक्रमाचा आदला दिवस, शनिवार, उजाडला होता. मामांनी लेखणी खाली ठेवली, भिंग खिशात टाकलं आणि बसस्टँड गाठला.

भाचीने दार उघडलं तेव्हा ती रागावली नाही. "आलास," एवढंच म्हणाली आणि पिशवी घेतली. जावयाने मात्र वाकून नमस्कार केला. हा उंच, भाबडा, प्रामाणिक माणूस बारा वर्षं कारखान्याच्या फाटकावर पहारा देत होता. दोन वर्षांपूर्वी चोरांनी त्याच्या सोबत्याला फाटकावरच गोळी घातली, तेव्हापासून तो घरातून निघताना तीनदा मागे वळून बघे. कवच गळ्यात आल्यापासून तो एकदाही वळला नव्हता, असं भाचीने हळू आवाजात सांगितलं. नव्या चिलखती जाकिटासाठी त्याने केलेला अर्जही त्याने परत घेतला होता.

जेवताना मामांनी विषय काढला. कारखान्याची काडतुसं आता कुठे आहेत?

"बाबांच्या खोलीत. मुकादमांनी आज सकाळी पाच मोजून दिली. रात्रभर मंत्र घालून सिद्ध करायची असतात."

"म्हणजे दिवसभर आणि रात्रभर तिथेच."

"मामा, तुम्हीही त्या टवाळांसारखंच बोलायला लागलात," जावई दुखावून म्हणाला. "बदलतील, बदलतील म्हणतात. उद्या कोणाला बोलायला जागाच राहणार नाही अशी व्यवस्था केलीय मी." काय व्यवस्था, ते त्याने सांगितलं नाही. मामांनीही विचारलं नाही, आणि पुढे कितीतरी दिवस त्यांना त्याची चुटपुट लागून राहिली.

रविवारी दहाच्या आधीच आवार भरलं. कवचबाबा गुटगुटीत, चकचकीत माणूस होता आणि त्याचा आवाज तुपात तळल्यासारखा होता. "लोखंडाला लाज असते, मायबाप," तो सांगत होता. "पुण्यवंताची छाती दिसली की ते मान खाली घालतं. गोळी म्हणते, मी कुठे जाऊ? मी म्हणतो, बाळ, तू विरून जा." लोक माना डोलावत होते. बंदुकीच्या काडतुसात लोखंड नसून शिशाचे छर्रे असतात आणि त्यांना लाज नसते, एवढं मामांना माहीत होतं. पण हे गर्दीत बोलण्याचं धाडस त्यांच्याकडे नव्हतं.

मग जावई आला. बाबाच्या खोलीपासून आवारापर्यंत तबक वाहून आणण्याचा मान त्यालाच दिला होता. तबकात पाच लाल काडतुसं पितळी बुडावर उभी होती. बाबाने तबक गर्दीतून फिरवायला लावलं.

"बघा. डोळे भरून बघा. हात मात्र लावू नका, स्पर्शाने सिद्धी उतरते."

तबक मामांसमोर आलं. जावई अभिमानाने हसला. मामा खाली वाकले आणि एका क्षणात त्यांच्यासाठी आवार, गर्दी, बाबा, सगळं नाहीसं झालं. कपाटाचा एखादा खण ओढावा तसं ते तबक त्यांच्यासमोर होतं.

काडतुसं एकाच बनावटीची, एकाच मापाची. तोंडाशी प्लॅस्टिकच्या सहा पाकळ्या आत दुमडून बंद केलेल्या. यंत्राने दुमडलेली पाकळी एकाच रेघेवर वळते, कागदाची पहिली घडी पडते तशी. इथे चार काडतुसांच्या पाकळ्यांवर दुसरी रेघ होती. पहिलीच्या शेजारी, किंचित तिरपी, पांढरट. मधोमध तोंड जरासं खचलेलं, आणि फटीत मेणाची चकाकी. ही चार उघडली होती. आतलं काहीतरी काढून पुन्हा दुमडली होती.

मामांना हायसं वाटलं. फसवणूक होती खरी, पण जावई मरणार नव्हता. बारा पावलांवरून नुसता आवाज आणि धूर.

मग त्यांनी पाचव्याकडे पाहिलं.

पाचव्याच्या पाकळ्यांवर एकच रेघ होती. तोंड सपाट, घट्ट, करकरीत. आणि लाल नळीच्या अंगावर आतून टेकलेल्या गोल दाण्यांचे उंचवटे दिसत होते, शेंगेत दाणे दिसावेत तसे. मोठे छर्रे. माणसाला आडवं करणारे.

तबक पुढे गेलं.

मामांनी डोळे मिटले. बहुधा. सावली असेल. चष्म्याचा नंबर बदललाय. हात न लावता, भिंग न धरता, दोन क्षणांत पाहिलेलं. यावर एकतीस वर्षांत कधी त्यांनी सही केली नसती. डोळे उघडले तेव्हा जावई बारा पावलांवर उभा राहून सदऱ्याची बटणं काढत होता आणि शिष्य तबकातून दोन काडतुसं उचलून दुनळी बंदुकीत घालत होता. कोणती दोन, ते मामांना दिसलं नाही.

"थांबवा," मामा म्हणाले. शेजारच्या माणसालाही ते ऐकू गेलं नाही.

भाचीला ऐकू गेलं. तिने मामांच्या चेहऱ्याकडे एकदाच पाहिलं. "नक्की?"

"बहुधा," मामा म्हणाले. "ताई, पाचातलं एक भरलेलं आहे. नक्की."

भाची शाळेत साठ पोरांच्या वर्गाला शिकवत असे. ती "बंदूक खाली" म्हणाली तो आवाज टाकीवर बसलेल्यांनाही पोचला. तोवर ती चालत जाऊन नवऱ्यासमोर उभीही राहिली होती. शिष्याने गोंधळून नळी जमिनीकडे केली. मुकादमाने पुढे होऊन ती त्याच्या हातातून काढली आणि उघडून धरली.

बाबा हसला. "माउली घाबरली. साहजिक आहे. अविश्वासाचा वारा लागला की असं होतं."

सगळ्यांच्या नजरा मामांकडे वळल्या. त्यांनी बाबाकडे न बघता तबकाकडे बघत बोलायला सुरुवात केली. म्हणाले, मी कोणाला खोटं ठरवायला आलो नाही. मला एवढंच दिसतंय की पाचापैकी एक काडतूस बाकीच्या चारांसारखं नाही.

"पाची एकसारखी आहेत, आजोबा. तुमच्या वयाला दिसत नसेल."

"नाही बाबा, ते बरोबर बोलतायत," जावई मागून म्हणाला. त्याच्या आवाजात अजूनही तोच अभिमान होता. "एक माझ्या पट्ट्यातलं आहे. तुमच्या खोलीतून इथे येताना मीच बदललं. हे टवाळ म्हणत होते ना, बाबांनी रात्रीत फिरवाफिरव केली. म्हटलं, आता बोला. हे तर माझ्या कमरेवरचं, बाबांच्या खोलीत कधी गेलंच नाही." त्याने खिशातून बदललेलं काडतूस काढून दाखवलं.

बाबाच्या कपाळावर एकदम घाम आला. आधी त्याने मुकादमाच्या हातातल्या उघड्या बंदुकीकडे पाहिलं, मग तबकाकडे, मग फाटकाकडे.

"आज योग नाही," तो म्हणाला. "कार्यक्रम पुढच्या रविवारी."

"का बरं?" मुकादमाने विचारलं.

"त्या काडतुसावर संस्कार झालेला नाही."

"चोर आपल्या काडतुसांवर कुठून संस्कार करून आणतो म्हणे?"

कोणीतरी फिसकन हसलं. पण जावई हसत नव्हता. तो उघड्या छातीने बाबाजवळ आला, गळ्यातला पत्रा मुठीत धरला आणि लहान मुलाने विचारावं तसं विचारलं,

"बाबा, कवच आहे ना?"

बाबाने उत्तर दिलं नाही. त्या दिवशी आवारात जे काही उघडकीला आलं, त्यातलं मोठं हेच होतं. ज्याला चमत्कार सगळ्यांत जवळून माहीत होता, त्याचाच त्याच्यावर भरवसा नव्हता.

बाकीचं काम टेबलावर झालं. मुकादमाने बंदुकीतली दोन काडतुसं काढून दिली. त्यांतलं एक जावयाचं होतं. मामांनी चाकूने प्रत्येक काडतुसाची नळी बुडापासून वर, सावकाश चिरली. जावयाच्या खिशातलं आणि दुसरी रेघ असलेली चार उघडली: दारू, बूच, आणि छर्ऱ्यांच्या जागी लाकडाचा भुसा. पाचवं उघडलं तेव्हा मटाराएवढे नऊ छर्रे टेबलावरून घरंगळले आणि एकेक करत खाली फरशीवर टपटपले. तो आवाज बंदुकीपेक्षा मोठा वाटला. मामांनी पाकळीवरची दुसरी रेघ सगळ्यांना भिंगातून दाखवली. वर हेही सांगितलं की जवळून झाडलं तर नुसत्या दारूच्या आणि बुचाच्या माऱ्यानेही माणूस जातो. बारा पावलं ठेवण्यात पुण्य नव्हतं, हिशेब होता.

शेवटी मुकादमाने तो तांब्याचा पत्रा एका जुन्या खोक्यावर ठोकला, सगळ्यांना मागे सारलं आणि पट्ट्यातलं एक काडतूस झाडलं. मामांनी कानांत बोटं घातली. पत्र्याला तीन भोकं पडली, खोक्याला सहा. जावई खोक्याजवळ गेला, एका भोकात करंगळी घालून बघितली, आणि मग तिथेच खाली बसला. बाबाला आणि शिष्यांना लोकांनी फाटकाशी अडवून ठेवलं होतं. पोलीस आले ते सावकाश आले, पण आले.

निघताना भाची बसपर्यंत सोडायला आली. जावयाने जाकिटाचा अर्ज पुन्हा लिहायला घेतला होता, तो म्हणे आज तीनदा मागे वळून बघत होता. "बघू दे," ती म्हणाली. मग जरा थांबून म्हणाली, "मामा, माझं उत्तर राहिलंच."

"मी आलो की."

"तू माझ्यासाठी आलास. वर्गातल्या अर्ध्या पोरांच्या गळ्यात अजून ते पत्रे आहेत. त्यांना वाचून दाखवायला मला तुझं पत्र हवंय."

घरी पोचल्यावर मामांनी खणातले सात कागद काढले, वाचले आणि फाडले. मग नवीन घेतला. या वेळी लेखणी अडली नाही.

"चि. ताईस अनेक आशीर्वाद. तू विचारलं होतंस, खरं की खोटं. फोटोवरून मला कळलं नव्हतं. पण 'मला कळलं नाही, कळेपर्यंत त्याला उभं राहू देऊ नकोस' एवढं मी पहिल्याच दिवशी लिहायला हवं होतं. शंका आली तर ती सांगायची असते. मी ती खणात ठेवली आणि तुझा नवरा बंदुकीपुढे गेला. मुलांना सांग, कोणी चमत्कार दाखवला तर ती वस्तू हातात मागा. हात लावू देत नसेल तर का, ते विचारा. आपली वस्तू रात्रभर दुसऱ्याच्या खोलीत ठेवू नका. आणि ज्याने कवच दिलं, त्यालाच आधी ते घालून उभं राहायला सांगा. यासाठी काडतुसं ओळखता यायला लागत नाहीत. कवच खोटं होतं. नक्की. तुझा, मामा."

कोपऱ्यावरच्या लाल पेटीपाशी मामा थोडा वेळ पाकीट हातात धरून उभे राहिले. पत्ता पुन्हा एकदा वाचला. मग पाकीट आत सरकवलं, आणि ते तळाशी पडल्याचा आवाज येईपर्यंत थांबले.