बाबांच्या आजाराचं बारसं

बाबांना आजार झाला याचं कुणाला फार वाईट वाटलं नाही. त्या आजाराला नाव नाही, याचं मात्र अख्ख्या बिल्डिंगला वाईट वाटलं.

आमची बिल्डिंग मीरा रोडच्या पेणकरपाड्यातली. निम्मे लोक लालबाग-परळहून आलेले, आणि येताना आजारी माणसाला बघायला जायची पद्धत सामानाबरोबर घेऊन आलेले. हातात मोसंबी, आणि दारातच पहिला प्रश्न, "काय झालंय?" याचं उत्तर एका शब्दात द्यायचं असतं. मग समोरचा "अरे बापरे" म्हणतो, त्याच्या मेव्हण्याला तेच कसं झालं होतं ते सांगतो, चहा पितो आणि जातो. तळमजल्यावरच्या सुचेताताई "स्पॉन्डिलोसिस" असं काही म्हणायच्या की माणूस दारातल्या चपला नीट जुळवून ठेवायचा.

आमचे बाबा, पंढरीनाथ, म्हणायचे, "कूस बदलली की घर फिरतं." पाहुणे पुढचं ऐकायला थांबायचे. पुढे काही येत नाही म्हटल्यावर उठायचे. एकाने तर मोसंबी परत नेली.

यात अडकली माझी बहीण रसिका. तिचं यतीनशी जमलं होतं, दोन्ही घरं खूश होती, भाईंदरच्या हॉलवाल्याने मे महिन्यातली तारीख रविवारपर्यंत धरून ठेवली होती. फक्त बाबा हो म्हणत नव्हते.

"मांडवात शंभर जण विचारणार, काय झालंय. काय सांगू?"

"सांगा, चक्कर येते," आई म्हणाली.

"चक्कर उपाशी माणसाला येते, उर्मिला. मुलीचा बाप उपाशी आहे म्हणून सांगू?"

"बाबा, हे लग्न आहे, मेडिकल चेकअप नाही," रसिका म्हणाली. बाबांनी कूस बदलली आणि घर फिरल्यामुळे त्यांना ते ऐकू आलं नाही.

शेवटी कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी बाबांना आडवं केलं, मान एका बाजूला वळवली, डोळ्यांत बघितलं आणि म्हणाले, "बिनाइन पॅरॉक्सिस्मल पोझिशनल व्हर्टिगो. उजव्या कानात आहे." मान वळवायचे व्यायाम दिले. परतताना रिक्षात बाबा कोर्टात केस जिंकल्यासारखे बसले होते. चार शब्द. सुचेताताईंकडे एकच होता.

संध्याकाळी यतीन आला. यतीन मेडिकल ट्रान्सक्रिप्शनमध्ये होता. म्हणजे अमेरिकेतले डॉक्टर टेपवर बोलायचे आणि हा मीरा रोडला बसून टाइप करायचा. परदेशात कुणाचं पित्ताशय काढलं ते त्याला माहीत असायचं, शेजारी कोण राहतं ते नाही. मुलगा चांगला, पण विचारलं की खरं सांगायचा.

"जरा अर्थ सांग सगळ्यांना," बाबा म्हणाले.

"बिनाइन म्हणजे निरुपद्रवी, काका."

बाबांनी कप खाली ठेवला.

"पॅरॉक्सिस्मल म्हणजे अचानक येणारी. पोझिशनल म्हणजे कूस बदलली की होणारी. आणि व्हर्टिगो म्हणजे... चक्करच."

"म्हणजे मी डॉक्टरला जे सांगितलं तेच त्याने इंग्रजीत करून मला परत दिलं. वर निरुपद्रवी म्हणाला. अरे, हे नाव नाही, हे वर्णन आहे. ह्याला मी कौस्तुभ म्हणून हाक मारतो. 'लुकडा, उशिरा उठणारा, बेकार मुलगा' अशी मारतो का?"

मी तिथेच बसलो होतो. माझं मत कुणी विचारलं नाही.

"काका, बरीचशी नावं अशीच असतात," यतीन म्हणाला. "आयटिस म्हणजे सूज, ओमा म्हणजे गाठ. स्पॉन्डिलोसिस म्हणजे पण मणके झिजलेत, एवढंच."

सुचेताताईंबद्दलचा आदर आमच्या घरात त्या क्षणी निम्म्यावर आला.

"माणसाची नावं असलेले नसतात?"

"असतात ना. पार्किन्सन, हॉजकिन, मेनिएर."

"मग आमच्याच वाट्याला वर्णन का?"

याचं उत्तर अमेरिकेतल्या डॉक्टरांनी टेपवर दिलेलं नव्हतं.

शनिवारी आईने काशीगावाहून सुगंधाआत्याला बोलावून घेतलं. आत्या बाबांची मोठी बहीण. तिने सगळं उभ्याउभ्याच ऐकलं.

"नाव ठेवायचंय, एवढंच ना? मग डॉक्टरकडे कशाला गेलात? नाव आत्या ठेवते."

"आत्या, ते बाळाचं," मी म्हणालो.

"तुझं नाव काय डॉक्टरने ठेवलं? पंढरीचं आहे ना हे? मग मी त्याची आत्याच लागते."

बिल्डिंगमधल्या बायका जमल्या. आईने घुगऱ्या केल्या. आजाराची जन्मवेळ महिन्यामागच्या एका मंगळवार संध्याकाळची निघाली, बाबा मान वर करून माळ्यावरची बॅग काढत होते तेव्हाची. आत्याने पंचांग बघून अक्षर काढलं, बाबांना पलंगावर आडवं केलं आणि उजव्या कानाशी वाकली. आजार कानातच असल्यामुळे एखादं नाव इतक्या थेट पत्त्यावर क्वचितच पोचलं असेल.

"कुर्रर्र... बबन."

पद्धतीप्रमाणे बायकांनी आत्याच्या पाठीत धपाटे घातले. सुचेताताईंनी जरा जास्तच.

"बबन," बाबा म्हणून बघत होते. "बबन." मग सावकाश डाव्या कुशीवर वळले. इतके दिवस ते चक्कर येईल या भीतीने रात्री खुर्चीत झोपायचे, हे आईने त्या दिवशी पहिल्यांदा सगळ्यांसमोर सांगितलं. "बबनला काय घाबरायचं," बाबा म्हणाले आणि डॉक्टरांचे व्यायाम काढले. रविवारी सकाळीही केले. "बबनला फिरवून आणतो," म्हणाले.

त्याच सकाळी यतीनचे आईवडील आले. रसिका पोह्यांचा ट्रे घेऊन स्वयंपाकघराच्या दारातच थांबली, कारण यतीनचे वडील, आत्मारामकाका, बसता बसता म्हणाले, "तब्येत कशी आहे? झालंय तरी काय?"

"बबन," बाबा म्हणाले.

यतीनने डोळे मिटून घेतले. आत्मारामकाका खुर्चीत पुढे सरकले.

"कधी झाला?"

"महिना होईल. बारसं कालच केलं. ताईने नाव ठेवलं."

"माझ्या गुडघ्यात आहे एक," काका हळूच म्हणाले. "सहा वर्षं झाली. ऑस्टिओआर्थ्रायटिस म्हणायचो. मग ह्याने अर्थ सांगितला. मजाच गेली सगळी."

"बाबा, तुम्हीच विचारलं होतं," यतीन म्हणाला.

"अहो, मग नाव ठेवून घ्या की," आत्या म्हणाली.

"बहीण नाही हो मला."

"अरेरे."

"मानलेली नाही चालणार?"

"छे. नात्यातली लागते."

काकांनी गुडघा चोळला. "आणि व्याह्यांची?"

आत्याने विचार केला. ती विचार करत असताना आई, रसिका आणि बहुतेक बबनही स्तब्ध होता.

"व्याही झालात की चालेल," आत्या म्हणाली.

"मे महिन्यातली तारीख आहे," बाबा घाईघाईने म्हणाले. "माझी काही हरकत नाही."

"मे?" आत्मारामकाकांचा चेहरा पडला. "मे फार लांब होतो हो. अलीकडचं काही नाही का?"

बाबांनी हॉलवाल्याला फोन लावला. फेब्रुवारीत एकच दिवस रिकामा होता, बुधवार, तोही सकाळचा. ऐन कामाच्या दिवशी कोण येणार, असं यतीनची आई म्हणत होती, पण काकांनी मान डोलावून टाकली होती.

रसिकाने ट्रे ठेवला आणि यतीनला बाजूला घेतलं.

"फेब्रुवारीपर्यंत," ती म्हणाली, "तुझ्या बाबांचा गुडघा बरा होऊ देऊ नकोस."