पातळ करून पुन्हा

ती ज्या प्रयोगशाळेत रक्ताचे नमुने तपासायची, तिथे मोठ्या मॅडमचा एक नियम होता आणि तो नव्या माणसाला पहिल्याच दिवशी ऐकवला जाई: आकडा मानायचा नाही, तपासायचा.

एका चाचणीच्या बाबतीत तर फारच. यकृतात कर्करोगाची गाठ असली की रक्तात एक प्रथिन वाढतं आणि ते किती आहे हे यंत्र मोजतं. पण तेच प्रथिन बेसुमार वाढलं, लाखांच्या घरात गेलं, की मोजणारं रसायन त्याला पुरं पडत नाही. मग यंत्र बापडं अगदी थोडंसं असल्याचं सांगतं. त्याच्या पडद्याकडे बघून काही शंका यावी असं तिथे काही नसतं. म्हणून आधी चढलेला आकडा एकदम खाली आला, तर नमुना शंभरपट पातळ करायचा आणि पुन्हा लावायचा.

सतरा वर्षं तिने हे डोळ्यांत तेल घालून पाळलं. एकदाच पाळलं नाही. नमुना तिच्या भावाचा होता.

दादा घड्याळजी. तो, वहिनी आणि ती एकाच घरात राहत. लहानपणी ती त्याचं डोळ्याला लावायचं भिंग पळवून मुंग्या बघत बसायची, म्हणून तो तिला अजून भिंगच म्हणायचा. गाठ सापडली तेव्हा आकडा नव्वद हजार होता. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या. त्या गोळ्यांनी त्याच्या तळहातांची सालं निघू लागली, बोटांना भेगा पडल्या, चिमटा धरवेना. दुकान बंद पडलं आणि तो दिवसभर घरात बसून भिंतीवरच्या घड्याळाला शिव्या घालू लागला.

वहिनी रोज पहाटे प्रार्थनागृहात जायची. दिवसातून एकदाच जेवायची. नणंद तिला चिडवायची, "काय हो वहिनी, तुमचा देव यकृतापर्यंत पोचला की अजून रस्ताच विचारतोय?"

"विचारू दे. तुमच्या डॉक्टरांना तरी कुठे सापडलाय?" वहिनी म्हणायची.

दोन महिन्यांनी पुढचा नमुना आला. तिने तो स्वतः लावला आणि पडद्यावर आकडा आला, चारशे बारा. तिने तो दोनदा वाचला. मग उठून हात धुवायच्या खोलीत गेली, नळ सोडला आणि कुणाचे ते न ठरवता आभार मानले. परत आली आणि अहवालावर सही केली.

तो कागद तिने घरी नेला. दादाने तो दिव्याखाली धरला आणि पुन्हा पुन्हा वाचला. वहिनीने पदराने डोळे पुसले, आकडा परत विचारला आणि म्हणाली, "वन्सं, पुन्हा एकदा करून बघायचं का? नाही म्हणजे, नव्वद हजारांवरून एकदम..."

"अहो वहिनी, आता तुम्हीच शंका घेणार? यंत्र आहे ते, चूक करत नाही."

"दोघींनी पक्ष बदलले की काय?" दादा हसत म्हणाला. "मला आधी सांगत जा बाई, मी कुठे बसायचं ते!"

त्या रात्री तिघं किती दिवसांनी पोटभर जेवली. डॉक्टर महिना-सव्वा महिना परगावी होते. दादाने विचारलं, ते येईपर्यंत गोळ्या थांबवल्या तर? हात जरा बरे होतील. ती डॉक्टर नव्हती आणि एरवी हे ती दहादा बोलून दाखवायची. त्या रात्री ती म्हणाली, "चालेल रे. थोडे दिवस."

वहिनीने प्रार्थनागृहात सगळ्यांसमोर उभं राहून सांगितलं की, ऐकलं त्याने. दादाच्या हातांच्या भेगा खरंच भरून आल्या. त्याने दुकान उघडलं.

पाच आठवड्यांनी परत नमुना लागला. आकडा आला तीनशे ऐंशी. मोठ्या मॅडम मागे उभ्या होत्या.

"हा पूर्वी नव्वद हजारवाला ना? पातळ करून लावलास?"

"नाही."

"गेल्या वेळी?"

"तेव्हाही नाही," ती म्हणाली. मॅडमनी स्वतः खुर्ची ओढली, स्वतः नमुना पातळ केला. चौदा लाख. मग शीतपेटीतून पाच आठवड्यांपूर्वीची शिल्लक नळी काढली आणि तीही तशीच लावली. नऊ लाख.

"घरच्या माणसाचा नमुना तू हातात घेतलासच का गं?" मॅडम म्हणाल्या. त्यांचा आवाज चढला असता तर तिला बरं वाटलं असतं.

ती तशीच दुकानात गेली. दुपार होती. दादा भिंग लावून एका मनगटी घड्याळात वाकला होता आणि वहिनी त्याचा डबा उघडत होती. त्याने मान वर केली तेव्हा डोळ्यांचा पांढरा भाग पिवळसर दिसला. तो आजच पिवळा झाला नव्हता. गेले आठ-दहा दिवस तिने तो खिडकीच्या उजेडावर, दिव्यावर, दादाच्या जागरणावर ढकलला होता.

"दादा, तो आकडा चुकला होता."

"कुठला?"

"चारशे बाराचा. नऊ लाख होता तो. आज चौदा आहे."

दादाने भिंग काढून हातात धरलं. "यंत्र बिघडलं होतं?"

"यंत्र नीट आहे. नमुना पातळ करून पुन्हा लावायचा असतो. मी लावला नाही."

"मी म्हटलं होतं," वहिनी म्हणाली. त्यात राग नव्हता. जणू तिला स्वतःलाच आत्ता आठवलं होतं. "मी म्हटलं होतं ना वन्सं, पुन्हा करून बघा म्हणून?"

"हो."

"मग?"

"मला तोच आकडा हवा होता, वहिनी."

डबा तसाच उघडा राहिला. वहिनी म्हणाली, "पाच आठवडे मी त्याचे आभार मानतेय. उभी राहून, मोठ्याने. त्याने एकदा तरी गप्प बस म्हणायचं होतं."

"त्याला कशाला मध्ये घेतेस?" दादा म्हणाला. "गोळ्या घरात आहेत ना? आजपासून घेतो. हात गेले तर गेले." मग बहिणीकडे न बघता त्याने घड्याळाचं झाकण बसवलं. पहिल्या खेपेला ते बसलं नाही.

डॉक्टरांनी दुसऱ्या दिवशी त्याचे डोळे पाहिले, पोट दाबून पाहिलं, कागद चाळले. कावीळ इतकी चढलेली असताना या गोळ्या दिल्या तर त्या गाठीच्या आधी माणसाला संपवतील, असं त्यांनी जमेल तितक्या सौम्य शब्दांत सांगितलं. कावीळ उतरेल का? त्यांनी नकारार्थी मान हलवली. मग दादाला वजन करायला आतल्या खोलीत पाठवलं.

दोघी बाहेर बाकावर बसल्या.

"पाच आठवडे गोळ्या घेतल्या असत्या तर?" वहिनीने विचारलं. "डॉक्टर म्हणतात सांगता येत नाही. तुम्ही सांगा."

"या गोळ्यांनी जगायला साधारण दोन-तीन महिने वाढवून मिळतात, वहिनी. सरासरी. कुणाला जास्त, कुणाला काहीच—"

"सरासरी नको. ह्यांचं सांगा."

"एका माणसाचं नाही सांगता येत. कुणालाच नाही."

वहिनीने हातातली पिशवी मांडीवर नीट ठेवली. "मग मी असं धरून चालते की काही फरक पडला नसता. त्याने ठरवलं होतं तेच झालं. मला तुमच्याबरोबर एका घरात राहायचंय, वन्सं. दुसरं काही मानलं तर मला ते जमणार नाही."

तिने वहिनीकडे पाहिलं.

"तुम्ही काय धरून चालणार?" वहिनीने विचारलं.

वहिनीला मिळाली होती तशी टेकायची जागा तिने मनात शोधली. सापडली नाही. शोधताना आपण पुन्हा हव्या त्याच आकड्याकडे निघालोय, एवढं मात्र तिच्या लक्षात आलं.

दार उघडून दादा बाहेर आला. शर्टाचं खालचं बटण लागत नव्हतं. ते लावायचा नाद सोडून तो हसला.

"बघ भिंगा, दोन किलो वाढलो मी! एवढं खाल्लेलं अंगी लागतंय म्हणजे वाईट नाही ना?"

वहिनी वळून तिच्याकडे बघू लागली. नुसतं हो म्हणायचं होतं.

"पाणी आहे ते, दादा," ती म्हणाली. "पोटात साठलंय."

"असं होय," दादा म्हणाला. वहिनी उठली आणि त्याचा हात धरून त्याला जिन्याकडे नेऊ लागली. तिने कागद गोळा केले आणि ती त्यांच्या मागोमाग, चार पायऱ्यांचं अंतर ठेवून, उतरू लागली.