शालीखालचा उजेड

श्रावणातल्या दुसऱ्या सोमवारी फाट्यावरच्या पत्र्याच्या शेडसमोर सकाळी आठपासून रांग लागली होती. प्रत्येकाच्या एका हातात नारळ आणि दुसऱ्या हातात मोबाइल. अहमदपूरहून नांदेडकडे जाणारी एस.टी. थांबली की आणखी दहाबारा माणसं उतरत आणि काही न विचारता रांगेच्या शेपटाला जाऊन उभी राहत.

शेडमध्ये विरूपाक्ष महाराज बसले होते. भक्त पुढे आला की महाराज म्हणत, "कुलूप उघडून द्या. देवापुढं काय लपवता?" भक्त मोबाइलचं लॉक काढून द्यायचा. महाराज तो कपाळाला लावत, भगवी शाल डोक्यावरून पुढे ओढून घेत आणि आत तोंडानं पुटपुटत राहत. थोड्या वेळानं शालीतून त्यांच्या तोंडाभोवती पांढुरका उजेड पाझरायचा. बायका हात जोडायच्या. दोन मिनिटांनी शाल बाजूला व्हायची आणि मोबाइल परत मिळायचा, पहिल्यासारखा.

झालं होतं असं, की मागच्या पंधरवड्यात गावातल्या बऱ्याच मोबाइलांचं फोन लावायचं पानच बदललं होतं. झोपताना होतं तसं ते सकाळी उठल्यावर नव्हतं. नावं भलतीकडे गेलेली, आकडे फुगलेले, आणि फोन आला की तो उचलायला पडद्यावरची जी गोळी वर ओढायची ती आता आडवी ओढावी लागत होती. कुणी हात लावला नव्हता, कुणी काही विचारलं नव्हतं. माणसं हबकली. महाराजांनी त्या हबकण्याला नाव दिलं: कर्णपिशाच्च. "हे यंत्र कानाला लावता ना? मग पिशाच्च कानातूनच शिरणार. उपग्रहाच्या निळ्या लहरीवर बसून येतंय ते," असं ते सांगत, आणि पदवीधर पोरंसुद्धा मान डोलवत.

रस्त्याच्या पलीकडे संगमेशचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान होतं. तिथून शेड अगदी समोर दिसायची, आणि हेच वाईट होतं. नऊ वर्षं या फाट्यावर ज्याचा मोबाइल बिघडला तो संगमेशकडे आला होता. आता माणसं त्याच्या पायरीकडे पाठ करून महाराजांच्या रांगेत उभी राहत. संगमेश हातात स्क्रू ड्रायव्हर धरून नुसता बघत बसे. महाराजांच्या गळ्यात पडणारे हार त्याला दिसत, पाया पडणाऱ्या म्हाताऱ्या दिसत. आपल्या कधी कुणी पाया पडलं का, हा वेडा विचार त्याच्या डोक्यात यायचा आणि त्याची त्यालाच लाज वाटायची. पण यायचा.

त्यातही साखराबाईनं त्याला सर्वांत जास्त पोळलं. साखराबाई सत्तरीची, एकटी राहणारी. तिची लेक नांदेडला बाळंतपणासाठी दवाखान्यात होती. तिचे चार फोन आले आणि म्हातारी चारही वेळा गोळी वर ओढत राहिली, फोन काही उचलला गेला नाही. रडकुंडीला येऊन ती आधी संगमेशकडेच आली होती. त्यानं मान वर न करता सांगितलं, "अपडेट आलाय, आजी. आता आडवं ओढायचं. होईल सवय." तेवढं बोलून तो पुढच्या मोबाइलला लागला. मग ती महाराजांकडे गेली. महाराजांनी तिला बसवलं, तांब्याभर पाणी दिलं, लेकीचं नाव विचारलं. हे सगळं संगमेशनं दुकानातून पाहिलं होतं.

महाराज एवढ्यावर थांबले असते तर कदाचित संगमेश जळत बसला असता आणि गोष्ट तिथंच संपली असती. पण पिशाच्च म्हटलं की ते लोकांवर सोडणारं माणूस लागतं. महाराज प्रत्येकाला विचारत, "महिन्याभरात तुमचं यंत्र कुणाच्या हातातून गेलं?" आणि उत्तर सगळ्यांचं एकच यायचं. आशा कार्यकर्ती सुकन्या घरोघर फिरून आरोग्य कार्डाची नोंदणी करत होती. त्यासाठी मोबाइलवर नंबर येतो, तो बघायला तिनं सगळ्यांचे मोबाइल हातात घेतले होते. महाराजांनी तिचं नाव एकदाही घेतलं नाही. फक्त डोळे मिटून म्हणाले, "बाई हाय. पिशवी घेऊन फिरती."

दोन दिवसांत सुकन्याच्या दारात लिंबू आणि बिब्बे पडले. बुधवारी अंगणवाडीत लसीकरण होतं. दरवेळी तीस-पस्तीस लेकरं यायची, या वेळी तीन आली. सुकन्या भरलेला लसींचा डबा घेऊन दुपारपर्यंत बसून राहिली. सासूनं घरात सांगितलं, सोड ती नोकरी. जिच्या हातावर निम्म्या गावाची लेकरं जन्मली, तिच्या हातात आता कुणी पाण्याचा पेला देईना. ही बातमी संगमेशला त्याच्या बायकोनं, वर्षाराणीनं सांगितली.

त्याच दिवशी साखराबाईचा मोबाइल चार्ज होत नाही म्हणून दुकानात आला. महाराजांनी दोन दिवसांपूर्वी शुद्ध केलेला. संगमेशनं चार्जिंगची जागा साफ केली आणि न राहवून मोबाइल चाळला. इंटरनेट जोडून प्ले स्टोअरवर, म्हणजे ॲप उतरवून घ्यायच्या जागी गेला, तर फोन लावायच्या ॲपसमोर 'अपडेट करा' असं लिहून आलेलं. म्हणजे आलेला अपडेट कुणीतरी काढून टाकला होता. मोबाइल घेताना ते ॲप जसं होतं तसं परत झालं होतं. संगमेशनं स्वतःच्या मोबाइलवर करून पाहिलं. चार ठिकाणी बोट लावलं आणि जुनं रूप हजर. अर्धं मिनिटसुद्धा लागलं नाही.

त्याला प्रथम आनंद झाला नाही. राग आला, आणि तो स्वतःचा होता. नऊ वर्षं हेच काम करतोय, आणि हे आपल्याला शोधावंसं का वाटलं नाही?

तो तसाच शेडमध्ये घुसला. मंत्र वगैरे काही नाही, हा अपडेट काढून टाकतो, असं तो रांगेसमोर तावातावानं बोलत सुटला. महाराजांनी त्याला सगळं बोलू दिलं. मग शांतपणे म्हणाले, "ज्याचं दुकान बसलं, त्याचं पोट दुखणारच. बाळा, अंगारा घेऊन जा." रांग हसली. संगमेशचे कान तापले, कारण पोट दुखत होतं ते खरंच होतं. तो परत फिरला.

घरी वर्षाराणीनं सगळं ऐकून घेतलं आणि भाकरी थापता थापता विचारलं, "तुमाला सुकन्यासाठी बोलायचं हाय, का त्या महाराजाची गिऱ्हाइकं पायजेत?"

संगमेशनं ताट पुढे ओढलं. मग म्हणाला, "दोन्ही."

"मग तसंच सांगा लोकास्नी. अर्धं लपवून बोललात म्हणून ते हसले."

पुढचे चार दिवस संगमेश दुकानाच्या पायरीवर बसून नुसता महाराजांकडे बघत राहिला. हेवा वाटणाऱ्या माणसाची नजर बारीक असते. त्याला तीन गोष्टी दिसल्या. एक, साध्या बटणांचा मोबाइल घेऊन आलेल्याला महाराज परत पाठवत, "याच्यात दोष न्हाई" म्हणून. पिशाच्च फक्त मोठ्या पडद्याच्या मोबाइलात शिरत होतं. दुसरी, शालीतला उजेड आधी मंद असे आणि मग एकदम पांढरा होई; सेटिंगचं पांढरं पान उघडलं की संगमेशच्या स्वतःच्या तोंडावर अंधारात तस्साच उजेड पडे. तिसरी गोष्ट पथ्याची. महाराज प्रत्येकाला सांगत, अकरा दिवस इंटरनेट बंद ठेवा, नाहीतर पिशाच्च परतेल. आणि ज्यांनी चालू केलं त्यांच्याकडे ते परतत होतंच. लोक म्हणत, बघा, पथ्य मोडलं. संगमेशला आता कळलं, की इंटरनेट मिळालं की मोबाइल काढलेला अपडेट पुन्हा उतरवून घेतो. पथ्य खरं ठरत होतं, म्हणून महाराज खरे वाटत होते.

तिसऱ्या सोमवारी रांग भरात असताना संगमेश दुकानात विकायला ठेवलेल्या नव्या मोबाइलचा एक सीलबंद खोका घेऊन शेडमध्ये गेला. सुकन्याला त्यानं निरोप धाडला होता. ती येणार नाही म्हणाली होती, पण आली आणि खांबापाशी पिशवी धरून उभी राहिली. तिच्या आजूबाजूची माणसं दोन पावलं सरकली.

संगमेश म्हणाला, "मागच्या टायमाला महाराज बोलले ते खरं हाय. मला यांचा हेवा वाटतो. तुमी सगळे माझ्याकडं यायचा, आता यांच्याकडं येता, म्हणून माझा जीव जळतो. ते एका बाजूला ठेवा. माझं काही ऐकू नका. फक्त हा खोका बघा."

या वेळी कुणी हसलं नाही.

खोका त्यानं साखराबाईच्या हातात दिला आणि सील तिलाच फोडायला लावलं. आतला मोबाइल कोराकरकरीत. फोन लावायचं ॲप उघडून त्यानं रांगेत फिरवलं: जुनं रूप, सगळ्यांच्या ओळखीचं. मग त्यानं मोबाइल इंटरनेटला जोडला, प्रत्येक वेळी कुठं बोट लावतोय ते मोठ्यानं सांगत अपडेट उतरवून घेतला आणि पुन्हा उघडून दाखवलं. फुगलेले आकडे, आडवी गोळी.

"हा मोबाइल कारखान्यातून निघाल्यापासून खोक्यात होता," तो म्हणाला. "सुकन्याताईनं याला कधी हात लावला, सांगा."

महाराज म्हणाले, दुकानदाराच्या मनात पाप आहे, ते यंत्रात उतरलं. संगमेशनं मोबाइल त्यांच्यापुढे धरला. "मग काढा. फक्त शाल न घेता काढा."

"मंत्र गुप्त असतो," महाराज म्हणाले.

तेव्हा साखराबाई पुढे झाली. तिचा आवाज चढलेला नव्हता. "महाराज, देवापुढं लपवायचं न्हाई म्हणलात म्हणून आमी कुलूप उघडून दिलं. मग तुमी का लपवून राहिलाव?"

महाराजांनी डोळे मिटले. ते उघडायची लोकांनी वाट पाहिली, पण संगमेश थांबला नाही. त्यानं साखराबाईला शेजारी बसवलं. या चित्रावर बोट दाबून धरा, आजी. आता हा गोलातला इंग्रजी आय. कोपऱ्यातले तीन ठिपके. आता 'अपडेट काढून टाका'. साखराबाईचं बोट एकदा भलतीकडेच लागलं, पुन्हा सुरुवात करावी लागली. शेवटी पडद्यावर जुनं रूप आलं. तिनं मंत्र म्हटला नव्हता. शाल तर तिच्या अंगावर नव्हतीच.

रांग मोडली ती आरडाओरड होऊन नाही. एकेकानं आपापला मोबाइल काढला आणि शेजाऱ्याला विचारायला सुरुवात केली, तीन ठिपके कुठं म्हणालास? संगमेशनं हेही सांगितलं, की जुनंच चांगलं असं काही नाही. अपडेटमध्ये कधीकधी चोरांपासून राखण असते, म्हणून सगळेच काढत सुटू नका. आडवी गोळी शिकायला दोन दिवस लागतात. "हे मी आधीच सांगायला पायजे होतं," तो म्हणाला. "तुमी इचारलं तेव्हा मी मान वर केली न्हाई."

महाराज चौथ्या सोमवारी दिसले नाहीत. उदगीरकडे गेले असं कुणी म्हणालं. सुकन्याची माफी गावात कुणी मागितली नाही. माणसांना ते जड जातं. पण पुढच्या लसीकरणाला एकोणतीस लेकरं आली, आणि तिनं एकालाही मागच्या वेळी कुठं होतास असं विचारलं नाही.

संगमेशला वाटलं होतं, आता गर्दी आपल्याकडे येईल. आली नाही. कुणाचा मोबाइल बदलला की बायका साखराबाईच्या ओट्यावर जाऊ लागल्या, आणि म्हातारी चष्मा लावून त्यांना तीन ठिपके दाखवू लागली. पायरीवरून ते बघताना संगमेशच्या पोटात पुन्हा बारीकसं दुखलं. या वेळी तो उठला आणि चहा घेऊन तिच्या ओट्यावर जाऊन बसला.

तुमचा मोबाइल तुम्हाला न विचारता बदलतो, याचा राग येणं अगदी रास्त आहे. ज्यांनी बदलला त्यांनी चार सोप्या ओळींत कारण सांगायला हवं, आणि ज्यांना ते ठाऊक आहे त्यांनी मान वर करून बोलायला हवं. ते बोलत नाहीत, तेवढ्या मोकळ्या जागेत शाल पांघरून कुणीतरी बसतो आणि मग एखाद्या निरपराध बाईच्या दारात बिब्बे पडतात. म्हणून काहीही अजब दिसलं तर नारळ घ्यायच्या आधी विचारा, हे कसं झालं? आणि जो ते करून दाखवतो म्हणेल, त्याला सांगा, उजेडात कर, आम्हाला बघू दे.